धुतलेले खडे

४ जानेवारी

पहिल्या पानावर नाव लिहा लागते म्हणून लिहून टाकते. सत्यशीला नरेश रंगारी, लॅब टेक्निशियन, वय सत्तावन. एकतीस वर्षं झाली, लोकायची लघवी, संडास, थुंकी अन् पू जंतू उगवायच्या प्लेटवर लावून राहिली. रिटायर व्हायले अकरा महिने उरले अन् आज माहं नशीब फळफळलं.

आमच्या हॉस्पिटलात रायपूरवरून नवीन डॉक्टर आल्या, यामिनी मॅडम. माह्या पोरीच्या वयाच्या असतीन. त्यायनं मले खुर्ची देली अन् समोर बसून समजावलं. सगळे म्हणतात पित्ताच्या थैलीत खडे होतात ते तेलातुपानं. पण काही खड्यांमंधी जंतूंचाही हात असते म्हणतात. आतड्यातले जंतू नळीतून वर चढतात, थैलीत घर करतात, पित्ताचा पिवळा रंग फोडतात, तो रंग चुन्यासंग गोठते अन् खडा होते. मॅडम म्हणाल्या, "बाई, खडा फोडून आतलं प्लेटवर लावलं तर जंतू सापडायला पाहिजेत. त्यासाठी तुमचे हात पाहिजेत." माहे हात! एकतीस वर्षांत कोणी मागितले नोते.

विष्णु सर आमचे मोठे सर्जन. ते हसले. "पित्त साफ असतं, सत्यशीलाबाई. तिथं काय सापडणार? लावा तीन महिने प्लेटा. मार्च संपेपर्यंत काही उगवलं नाही तर हे टेबल बंद अन् तुम्ही खिडकीवर." खिडकी म्हणजे खालची, सॅम्पल घ्यायची. दिवसभर डब्या घ्या, चिठ्ठ्या चिकटवा. मी मेली तरी त्या खिडकीवरून रिटायर होणार नाई.

खुशीत घरी येऊन मिरचीचे भजे तळले. ह्यायनं, म्हणजे आमच्या नरेशरावांनी, एकच खाल्लं. म्हणे गॅस झाला. भिलाईच्या पोलाद प्लांटात, कोक ओव्हनच्या आगीत तीस वर्षं काढलेल्या माणसाले माह्या भज्यानं गॅस होते, घ्या!

१२ जानेवारी

सात खडे आले. चांगले गोल, चकचकीत, एक तं अगदी बोरासारखा. सातही फोडले, सातही लावले. दोन दोन दिवस ठेवले. काहीच नाई. प्लेटा अशा कोऱ्या की त्यात तोंड पाहून घ्या.

ह्यायच्या उजव्या खांद्याखाली दुखून राह्यलं. म्हटलं सायकल कमी चालवा. बाम चोळून देला.

२३ जानेवारी

चौदा खडे, चौदा भोपळे.

आधी वाटलं इनक्युबेटर बिघडला. थर्मामीटर ठेवून पाह्यलं, बरोबर आहे. मंग वाटलं प्लेटा जुन्या आहेत. नवीन बनवल्या. मंग वाटलं माहे हातच गेले. एका लघवीतला ओळखीचा जंतू घेऊन त्याच प्लेटवर लावला तं सकाळी हे एवढे गुलाबी ठिपके! म्हणजे प्लेट चांगली, हात चांगले. मंग खड्यांत कावून काही नाई? विष्णु सरच खरे असतीन काय? हे लिहितानाही राग येऊन राह्यला.

जेवताना सगळं ह्यायच्यासमोर ओकली. बिचारे ऐकत होते. मधातच म्हणाले, "सत्या, खडा असला तं काढाच लागते काय? न काढता नाई जमत?" म्हटलं, दुखत असन तं काढाच लागते, आज ना उद्या खडा नळीत फसते अन् मंग माणसाची पंचाईत. मले बरं वाटलं, घरात कोणी तरी माह्या कामात लक्ष घालते.

१ फेब्रुवारी

हे उतई गावाले गेले होते, जुन्या दोस्ताले भेटायले म्हणे. येताना काढ्याची हिरवी बाटली घेऊन आले. काय आहे म्हटलं तं म्हणे पोट साफ राहते. एवढा घाण वास की मी झाकण लावून बाल्कनीत ठेवली. रिटायर माणसाले कोणीही काहीही विकते.

वजन मात्र चांगलं उतरवलं ह्यायनं. पँटले नवीन भोक पाडा लागलं. म्हटलं पाहा, भजे सोडले तं कसे हिरो दिसून राह्यले! हसले.

९ फेब्रुवारी

एकवीस. शून्य.

आज कॉरिडॉरमंधी विष्णु सरांनी चार लोकायसमोर म्हटलं, "काय बाई, शेती कशी आहे? काही उगवलं?" सगळे हसले. मीही हसली, काय करू. मंग स्टोअरमंधी जाऊन कार्टनवर बसली अन् रडली. यामिनी मॅडम शोधत आल्या. त्यायचंही तोंड एवढंसं झालं होतं. म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला असेल, बाई. चुकतो. तुमची चूक नाही." म्हटलं मॅडम, चूक कोणाची ते मले पाह्यचंच आहे, माही असली तरी चालन.

घरी आल्यावर ह्यायनं स्वतः वरणभात मांडला होता. काही सांगायचं आहे म्हणे. मी म्हटलं आज नाई, आज माहं डोकं ठिकाणावर नाई. ठीक आहे म्हणाले.

१५ फेब्रुवारी

आज माही सुट्टी. अव माय, काय दिवस!

कॅम्प-१ वस्तीत गुलाबच्या घरी गेली होती. गुलाब माही मावसबहीण. महिन्याआधी आमच्याच हॉस्पिटलात तिचं खड्याचं ऑपरेशन झालं. जयभीम-जयभीम झालं, चहा झाला, अन् बाईनं शोकेसमधून काचेची बरणी काढली. टीव्हीच्या बाजूले, पोराच्या ट्रॉफीच्या मधात ठेवली होती! "हे पाय, माहे बत्तीस खडे." सगळ्या गल्लीनं पाहून घेतले म्हणे. सूनबाई बाजूच्या लेकराले मोजून दाखवत होती. मी म्हटलं गुलाब, घाण आहे ते, हातात नको देऊ लेकरायच्या. ती म्हणे, "घाण कायची? हॉस्पिटलवाल्या बाईनं चकाचक धुऊन देले. वास घेऊन पाय."

मी बरणी उघडली. नाकाशी नेली.

सॅव्हलॉन!

माह्या हातातला चहा कपातच थंड झाला. गुलाब विचारत राह्यली, काय झालं सत्या, चक्कर आली काय. मी तिचा मुका घेतला. तिले वाटलं मले याड लागलं.

१६ फेब्रुवारी

आठ वाजता ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी. कलावती आली. उतईची, अकरा वर्षं थिएटरमंधी आया आहे. म्हटलं, कलावती, खडे निघाले की तू काय करते? तिनं छाती फुगवून सांगतलं. थैली चिरून झाली की पित्त बादलीत, खडे वाटीत. वाटीत सॅव्हलॉन, एक-दोन घंटे भिजवायचे, ब्रशनं घासायचे, वरून स्पिरिट. मंग एक खडा आमच्या लॅबच्या डबीत अन् बाकीचे घरच्या लोकायले.

"अग बाई! लॅबचेही धुते?"

"दीदी, आपके लिए तो और अच्छे से धोती हूँ," ती म्हणे. "घरवाले हाथ में लेते हैं, बच्चे खेलते हैं. गंदा कैसे दूँ? डॉक्टर लोग देखेंगे तो बोलेंगे कलावती ने काम नहीं किया."

मी हसू की रडू! दीड महिना मी जंतू शोधून राहिली अन् ही माय जंतू मारून, पुसून, सजवून मले पाठवून राहिली. खडा फोडला तरी वरचं सॅव्हलॉन चुऱ्यात मिसळणार, अन् प्लेटवर बिचारा जंतू कायले जगते. तिची काही चूक नाई. तिले कोणी सांगतलंच नाई. खडा प्लेटवर लावायचा आहे हे सर्जनले माहीत, मॅडमले माहीत, मले माहीत. ज्या बाईच्या हातात खडा पडते तिलेच माहीत नाई. अन् मीही तं एकदा जिना उतरून आली नाई. लहान माणसाले कोणी विचारत नाई म्हणून मी एकतीस वर्षं कुरकुर केली, अन् मीच कलावतीले विचारलं नाई.

तिले सगळं समजावून सांगतलं. आता दोन वाट्या. थैली चिरायच्या आधीच सिरिंजनं पित्त काढायचं, लॅबचा खडा बिनपाण्याचा सरळ डबीत. बाकीचे खुशाल धू अन् चमकव. कलावतीनं कान पकडले. मीही पकडले. दोघी हसत बसलो.

१८ फेब्रुवारी

उगवलं!!!

सोळा तारखेचं दुपारचं सॅम्पल. काल सकाळी झाकण उघडलं तं गुलाबी ठिपके, पित्तातही अन् खड्याच्या पोटातही. आज नाव पक्कं झालं, ई. कोलाय, आतड्यातलाच रहिवासी. मी अशी ओरडली की ब्लड बँकवाले धावत आले. मॅडमनं मले मिठीच मारली. कलावतीले वर बोलावून दाखवलं. ती म्हणे, "ये तो बिंदी जैसा है." मंग तीच प्लेट घेऊन मी कॉरिडॉरमंधून सावकाश चालत विष्णु सरांच्या ओपीडीत गेली. म्हटलं, सर, शेती उगवली. त्यायनं चष्मा वर केला, खाली केला. "एक उगवलं म्हणजे काय सगळं झालं? बाहेरून लागलं असेल." म्हटलं लावते अजून. नाकावर टिच्चून लावते!

५ मार्च

दोन वाट्या सुरू झाल्यापासून अठ्ठावीस पेशंट. त्यातल्या अकरा जणांत उगवलं. सगळ्यांत नाई, अन् मॅडम म्हणतात तेच मजेदार आहे. काही खड्यांत जंतू आहे, काहींत नाई. तपकिरी, ठिसूळ खड्यांत जास्त, पांढऱ्या कडक खड्यांत कमी. जंतूनं खडा केला की खड्यात जंतू राह्यले आला, हे अजून सांगता येत नाई. खोटं बोलायचं नाई असं मॅडमनं बजावलं.

मी एक काम माह्या मनानं केलं. उगवलेल्या प्रत्येक जंतूवर औषधाच्या टिकल्या लावून पाह्यल्या, कोणत्या औषधानं मरते अन् कोणत्यानं नाई. विष्णु सर सगळ्यायले जे इंजेक्शन देतात, सेफ्ट्रियाक्सोन, त्याले अकरापैकी आठ जंतू भीकच घालत नाई! टिकलीले चिकटून वाढतात बेशरम. मॅडमले दाखवलं. त्या म्हणाल्या, आकडा लहान आहे, पण नोंद ठेवा. लाल पेनानं ठेवली.

हे आजकाल रात्रीचं जेवत नाई. दह्याची वाटी पितात अन् टीव्हीसमोर बसतात. म्हातारपणी तब्येतीची काळजी घेऊन राह्यले, चांगलंच आहे.

१२ मार्च

कसं लिहू.

सकाळी पोहे देले. हे खुर्चीवर बसले अन् असे हुडहुडी भरून कापायले लागले की टेबल हलत होतं. अंगाले हात लावला तं चटका. मी म्हटलं डोळे उघडा. डोळे उघडले, अन् हळदीसारखे पिवळे.

एका मिनिटात सगळं उमगलं. गॅस, खांदा, भजे, पँटचं भोक, उतईची बाटली. पन्नासावर लोकायच्या पोटातलं काढून पाह्यणारी मी. ताटासमोर बसलेला माहा माणूस मले दिसला नाई. काखेत कळसा अन् गावाले वळसा, दुसरं काय.

सोनोग्राफीत थैली खड्यांनी भरलेली. एक खडा नळीत फसला, मागं पित्त तुंबलं, त्यात पू. विष्णु सरांनी लगेच भरती करून घेतलं. इंजेक्शन चालू झालं. सेफ्ट्रियाक्सोन.

१३ मार्च

सकाळी दुर्बिणीवाले डॉक्टर आले, तोंडातून नळी टाकून अडकलेला खडा मोकळा केला, पित्ताले वाट करून देली. कलावतीनं त्या पित्ताची सिरिंज जशी निघाली तशी, टोपण लावून, दोन जिने पळत मले आणून देली. धापा टाकत होती. "नहीं धोया, दीदी." मी प्लेट लावली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माह्यानं रेघ वाकडी गेली.

वाटलं, आता ताप उतरन. बारा वाजता १०३. दोन वाजता १०३, अन् बीपी खाली. हे मले ओळखत होते पण काहीबाही बोलत होते, कोक ओव्हनच्या बॅटरी नंबर चारचं दार बंद करा म्हणे. प्लेट बोलायले उद्या-परवा लागन. तोपर्यंत?

मी लॅबमंधून लाल पेनाचं रजिस्टर घेतलं अन् विष्णु सरांच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाई. म्हटलं, "सर, इंजेक्शन बदला."

"कल्चर येऊ द्या, बाई."

"कल्चर येईपर्यंत माहा माणूस राह्यला पायजे. हे पाहा. आता सतरा झाले. सतरापैकी बारा जंतूंले तुमचं हे इंजेक्शन म्हणजे पाणी. मेरोपेनेमनं सतराच्या सतरा मरतात. ह्या आपल्याच भिलाईच्या लोकायच्या पोटातल्या गोष्टी आहेत सर, पुस्तकातल्या नाई."

बोलून तं गेली. मोठं औषध आहे ते, उगाच द्यायचं नसते, मलेच माहीत आहे. अन् ह्यायचा जंतू त्या बाकीच्या पाचांतला निघाला तं? माहा आकडा सतराचा. सतरा म्हणजे काय! मागून यामिनी मॅडम आल्या होत्या, त्या एकच बोलल्या, "सर, मी बाईंच्या प्लेटा रोज पाहते."

विष्णु सरांनी रजिस्टर घेतलं. एक एक ओळ बोटानं वाचली. पहिल्या पानापासून, ते एकवीस भोपळेही वाचले. मंग फोन उचलून वॉर्डात सांगतलं. औषध बदललं. साडेतीन वाजले होते.

१५ मार्च

काल दुपारी ९९. आज सकाळी साधं अंग.

प्लेट काल भरून उगवली अन् आज टिकल्यांचा निकाल आला. ई. कोलाय. सेफ्ट्रियाक्सोनच्या टिकलीले खेटून वाढला होता हरामखोर. मेरोपेनेमच्या टिकलीभोवती मात्र मोठं मोकळं मैदान. विष्णु सर स्वतः लॅबमंधी आले. प्लेट उजेडात धरून लय वेळ पाह्यली. म्हणाले, "बाई, आज सकाळपर्यंत याच निकालाची वाट पाहिली असती तर पेशंट राहिला नसता." बोलायचं लय होतं, साऱ्या कॉरिडॉरले ऐकू जाईन असं. पण ते स्वतःहून बोलले, मंग कायले.

स्टोअरमंधी गेली, त्याच कार्टनवर बसली अन् मनसोक्त रडली. हे रडणं गोड होतं.

१९ मार्च

हे घरी आले. पिवळेपणा उतरला. मुगाची पातळ खिचडी दोन वेळा मागून खाल्ली.

मंग मी भांडली. पोट भरून भांडली. म्हटलं कावून लपवलं? ह्यायनं कपाटातून प्लांटच्या दवाखान्याची फाइल काढून देली. सोनोग्राफी, तारीख दोन जानेवारी. "तुले सांगणारच होतो," म्हणे. "पण चार तारखेले तू नाचत आली. मंग रोज हारून येत होती. त्यात माहे खडे कुठी सांगू? अन् खरं सांगू काय सत्या, भेव वाटे. आगीसमोर कधी नाई वाटलं. पोट फाडायचं म्हटलं की पाय गळत." अन् फेब्रुवारीच्या नऊ तारखेले सांगायले बसले होते तं मीच म्हटलं होतं, आज नाई.

म्हटलं मी खिडकीवर बसली असती तं बसली असती. तुमच्याविना कुठी बसली असती? हे म्हणाले, "आता रडू नको, खिचडी खारट होईन." मारलीच मी त्यायले उशी.

३१ मार्च

आज ह्यायचं थैलीचं ऑपरेशन.

सकाळी नोटीस लागली, विष्णु सरांच्या सहीची. यापुढं थैलीच्या प्रत्येक ऑपरेशनचं पित्त न चुकता लॅबमंधी जाईन. टेबल चालू राहीन. दोन वाट्यांची रीत लिहिली आहे अन् खाली नावं आहेत, कलावती साहू अन् सत्यशीला रंगारी. कलावतीनं मोबाइलमंधी सहा फोटो काढले.

ह्यायले आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसवेना. सगळे म्हणे देव आठवा. मले तं माहं टेबल आठवते. वर लॅबमंधी येऊन बसली. मॅडम बाजूले. घड्याळ चालतच नोतं.

पावणेबाराले जिन्यावर पावलं वाजली. विष्णु सर. हिरव्या कपड्यात, टोपीसकट, एका हातात सिरिंज, एका हातात डबी. मोठा सर्जन स्वतः सॅम्पल घेऊन दोन जिने चढला, असं ह्या हॉस्पिटलात कोणी पाह्यलं नसन.

"घ्या बाई. मी स्वतः आणलं."

मी डबी फिरवून पाह्यली. "वेळ नाई लिहिली, सर."

मॅडमनं जीभ चावली. सरांनी माह्या खिशातला पेन घेतला, वेळ लिहिली, सही केली. मंग तिथंच उभे राह्यले. म्हणाले, "आता सांगा, कोणतं औषध चालू ठेवू?"

मले! एकतीस वर्षांत कोण्या सर्जननं मले हे विचारलं नोतं. मी रजिस्टर उघडलं, मॅडमकडं पाह्यलं, त्यायनं मान हलवली, अन् मी नाव सांगतलं. आवाज खणखणीत निघाला. सरांनी लिहून घेतलं.

मंग रजिस्टर मिटलं. म्हटलं, "सर, माहा माणूस कसा आहे?"

"मस्त आहे. शुद्धीवर येतोय. विचारतोय, बायको कुठं आहे."

सिरिंज हातात होती. झाकण काढलेली प्लेट समोर होती. ही प्लेट दुसऱ्या कोणाले लावू देईन असं मले सकाळपर्यंत वाटलं नोतं. मी सिरिंज यामिनी मॅडमच्या हातात देली, ग्लोव्ह्ज काढले.

म्हटलं, "मॅडम, ही तुमी लावा. आज मी पेशंटची बायको आहे."

अन् जिना उतरून खाली गेली.